दौलत बागडेंनी रेडिओ बिघडवला नव्हता

माझे वडील दौलत सोमाजी बागडे, राहणार वडधोंडी, तालुका काटोल, यांच्यावर शनिवार, १५ मार्च १९७५ रोजी दुपारी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सगळ्या गावासमोर खोटा आळ घेण्यात आला. आळ असा, की त्यांनी ग्रामपंचायतीचा रेडिओ बिघडवला. आळ घेणारे तेव्हाचे सरपंच तात्यासाहेब, त्याला साक्ष देणारा त्यांचा पुतण्या विनायक, आणि गप्प बसून तो पक्का करणारे तुम्ही गावकरी. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे आठवणी येणार आहेत आणि आठवणींत माणूस मऊ होतो. मला मऊ व्हायचं नाही.

आम्ही गाव सोडलं ते त्याच वर्षी, एप्रिलातल्या भर दुपारी. मायचं म्हणणं होतं, पहाटेच निघू, नाल्याच्या बाजूनं निघू, कोणाचं तोंड पाहायला नको. बाबा म्हणाले, "मागून काहून जाऊ? चोरी केली का?" म्हणून आम्ही गावाच्या मधून निघालो. बाबांच्या डोक्यावर पेटी, मायच्या डोक्यावर गाठोडं, माझ्या खांद्यावर पाटा. तो पाटा मायनं सोडला नाही. नागपुरात पाटे मिळत नाहीत काय, असं मी म्हटलं तर म्हणाली, "मिळतात. पण हा माह्या हातानं झिजला आहे."

ऊन इतकं होतं की कुत्री ओट्याखाली घुसली होती. दारं लोटलेली. उन्हासाठी लोटली होती की आमच्यासाठी, ते ज्यांनी लोटली त्यांनी आपल्या मनाला विचारावं. पाराजवळ विनायक पेपर वाचत बसला होता. आम्ही जवळ आलो तसा त्यानं पेपर वर केला, अगदी तोंडासमोर. मी पाहिलं, पेपर उलटा नव्हता, वाचतच असावा. जगात काय चाललंय ते वाचत होता, आणि जगातलं एक कुटुंब त्याच्यासमोरून चालत एसटीच्या रस्त्याला लागत होतं. बाबांनी त्याला रामराम केला नाही, जयभीमही केला नाही. पहिल्यांदाच. बाबा सगळ्यांना बोलणारे माणूस.

आणि बोलणं हाच तर त्यांचा गुन्हा.

जे तेव्हा जन्मले नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. पंचायतीला सरकारकडून रेडिओ मिळाला तेव्हा पंचायतीला इमारत नव्हती. म्हणून तो मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर, लाकडी पेटीत ठेवला. रेडिओ सरकारचा, वीज सरकारची, पण ओटा देवाचा. त्यामुळे ज्यांना ओट्यावर जागा होती ते वर बसून ऐकायचे आणि आमची वस्ती खाली अंगणात, निंबाखाली. कायदा काय म्हणतो ते तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा काटोलपर्यंत येतो, पुढं त्याला बस मिळत नाही, असं आमच्याकडे गमतीनं म्हणायचे. गंमत वरच्यांची.

बाबा तरुणपणी नागपूरला मिलमध्ये बदली कामगार होते. छप्पन साली दीक्षाभूमीवर त्यांनी दीक्षा घेतली ती मिलमधल्या सोबत्यांबरोबर, पांढरे कपडे उसने घेऊन. मिलमध्ये भय्ये लोक होते, त्यांच्यात राहून हिंदी पक्की झाली. पुढं आजा आजारी पडला म्हणून गावी परतले. तर रेडिओवर दिल्लीच्या बातम्या भारदस्त हिंदीत सुरू झाल्या की ओट्यावरची मंडळी एकमेकांकडे पाहायची. हिंदी सगळ्यांना यायची, पण बाजारातली. मग कोणी तरी वरून म्हणायचं, "दौलत, काय म्हणते गा तो?" आणि बाबा खालून सांगायचे. माणूस चंद्रावर उतरला तो वडधोंडीत बाबांच्या तोंडून उतरला. एकाहत्तरच्या डिसेंबरात ढाका पडलं ते त्यांच्याच तोंडून पडलं. बाबा अंगणात उभे राहून मान वर करून बोलायचे, आणि ज्यांना सांगायचे ते खाली मान घालून ऐकायचे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, काय मान आहे माणसाला.

खरी मजा खेळाची. हॉकीची कॉमेंट्री पळणारी, नावं पंजाबातली, तिकडची. बाबांना ती लक्षात राहायची नाहीत. म्हणून त्यांनी भारताच्या संघाला गावाची नावं दिली. गोलकीपर तुकाराम, कारण तुकारामाच्या दुकानातून उधार कधी बाहेर पडायची नाही. उजव्या अंगाला पांडू गवळी. मधे विनायक, कारण सरपंचाचा पुतण्या, त्याला मधे नको तर कुठं ठेवणार? "पांडूनं घेतला. पांडू चालला, म्हशीमागं चालते तसा नाही गा, आज बायकोनं बोलावल्यासारखा चालला." ओट्यावर हसून हसून पागोटी खाली यायची. पांडू गवळी दुसऱ्या दिवशी दूध घालताना छाती काढून फिरायचा. अख्खा गाव भारताकडून खेळला आहे, आणि तो खेळवला माझ्या बापानं.

मी एकदा विचारलं, संघात आपल्या वस्तीतला एकही काहून नाही? बाबा म्हणाले, "आपली माणसं ऐकायले आहेत ना." तेव्हा मला ते उत्तर पटलं. आता ते उत्तर आठवलं की दात आवळले जातात.

त्या शनिवारी विश्वचषकाची फायनल होती. क्वालालंपूरला, पाकिस्तानशी. मी गावात नव्हतो. माझी मॅट्रिक सुरू होती, काटोलला वसतिगृहात राहत होतो आणि पानठेल्यावरच्या रेडिओभोवतीच्या गर्दीत उभा होतो. म्हणून पुढचं जे सांगतो ते मी पाहिलेलं नाही. ते तुम्ही पाहिलेलं आहे. तुमच्यातल्याच माणसांनी मला परीक्षेनंतर गावी आल्यावर पहिल्या आठवड्यात सांगितलं, जेव्हा अजून खरं सांगायची कोणाला भीती नव्हती, आणि सगळ्यांचं सांगणं एकसारखं होतं. वेगवेगळं झालं ते नंतर.

पाकिस्ताननं आधी गोल केला. मग आपण फेडला. मग ती वेळ आली जिच्यावरून आजही हॉकीवाले भांडतात. चेंडू आत लागून बाहेर आला, आपले म्हणतात गोल, ते म्हणतात नाही. आणि नेमकं त्याच क्षणी ओट्यावरच्या रेडिओत खरखर सुरू झाली. वर बसलेल्यांनी बटन फिरवलं, तर खरखर वाढली. कोणी पेटीवर थापा मारल्या. कोणी तरी ओरडलं, "दौलत, काय झालं सांग ना लवकर." बाबा म्हणाले, ऐकू येऊन नाही राहिलं. वरून आवाज आला, "मंग वर ये ना गा."

हे कोण बोललं, हे मला अजून कोणी सांगत नाही. सगळे म्हणतात, कोणी तरी बोललं. बाबा वर गेले. पेटीला कान लावला, बटन केसभर मागं आणलं, आवाज मोकळा झाला, आणि बाबा वळून म्हणाले, "देल्ला. पंचानं गोल देल्ला. विनायकचा गोल."

विनायकनं बाबांना मिठी मारली. उचलून गरकन फिरवलं. हे तुम्ही पाहिलंत. त्यानंतर सामना संपेपर्यंत बाबा ओट्यावरूनच बोलत राहिले. तुमच्यातल्या एकालाही ते खटकलं नाही, कारण भारत जिंकून राहिला होता. देश जिंकत असतो तेवढा वेळ ओटा बाटत नाही असं दिसतं. सामना संपला, नारळ फुटला, गुलाल कोणी तरी घरून आणला, आणि तात्यासाहेब संत्र्याच्या बागेतून घोड्यावरून आले. गुलाल पाहून हसले. मग वर पाहिलं. म्हणाले, "दौलत वर काहून आहे?"

बस, तेवढंच. त्या एका वाक्यानं सगळे शुद्धीवर आले. बाबा खाली उतरले. विनायक आंघोळीला गेला. तात्यासाहेबांनी गुरवाला बोलावून गोमूत्र आणि पाणी शिंपडायला लावलं. ओटा झाला, पायऱ्या झाल्या. मग म्हणाले, पेटीवरही टाक, हात लागला आहे. गुरव म्हणाला, "चालू आहे जी." ते म्हणाले, "टाक म्हटलं तं टाक."

चालू रेडिओवर, मागच्या उघड्या बाजूनं, तांब्याभर पाणी पडलं. फट् असा आवाज झाला, धूर निघाला, आणि वडधोंडीचा रेडिओ मेला. ढाका ज्यानं सांगितलं, चंद्र ज्यानं सांगितला, तो रेडिओ पवित्र होऊन मेला.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एक माणूस जरी पोट धरून हसला असता तरी आमचं गाव सुटलं नसतं. पण तात्यासाहेबांचं तोंड पडलं होतं, आणि सरपंचाचं पडलेलं तोंड उचलायला कोणाचा तरी बळी लागतो. ते म्हणाले, पाहा, याच्या हातानं गेला. आणि ओल्या केसांनी परत आलेला विनायक, ज्याच्या नावावर बाबांनी घटकाभरापूर्वी विश्वचषक केला होता, तो म्हणाला, "यानंच बटन पिरगाळलं. मी पाहिलं."

दोन-तीन दिवसांनी नागपूरच्या एका पेपरात विजयी संघाचा फोटो होता आणि आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी. वडधोंडी येथे एका समाजकंटकानं ग्रामपंचायतीच्या रेडिओची नासधूस केली. मी वसतिगृहात ते वाचलं. गावाचं नाव पेपरात आलं म्हणून कात्रण कापून पुस्तकात ठेवलं, बीजगणिताच्या. तो समाजकंटक माझा बाप आहे हे मला परीक्षा संपवून घरी गेल्यावर कळलं. तेव्हापासून मी पेपर वेगळा वाचतो. मोठी बातमी खरी असते, ती सगळ्या जगानं पाहिलेली असते. खोटं बोलायला कोपरा लागतो.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण केलं तुम्हीच. चक्कीवर दळण घेईनात. बागेत संत्री तोडायला बोलावेनात. विहिरीचं तर विचारूच नका. आमच्या वस्तीतले म्हणायचे, दौलतभाऊ, एकडाव माफी मागून मोकळे व्हा, आमच्याही पोटावर आली. बाबा म्हणायचे, कशाची माफी? पाणी मी टाकलं का? महिनाभरात आम्ही निघालो.

नागपुरात आम्ही इंदोऱ्यात मायच्या भावाच्या घराला लागून खोली काढली. बाबा इतवारीत ठेला ओढायला लागले. धान्याची पोती, कापडाचे गठ्ठे, भांड्यांची खोकी. माय घरी कंत्राटाची शिवण करायची. इतवारीत माणसाला जात विचारत नाहीत, वजन किती उचलतो ते विचारतात. आणि हे काही कमी नाही, हे मी शहराच्या बाजूनं कबूल करतो. मी सीताबर्डीतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. दिवसा लग्नपत्रिका जुळवायच्या, संध्याकाळी वस्तीतल्या पोरांबरोबर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायची. त्याच वर्षी आणीबाणी लागली. सेन्सॉर काय असतो ते पेपरवाल्यांना तेव्हा कळलं. आम्हाला मार्चातच कळलं होतं.

मी लिहायला शिकलो, भांडायला शिकलो, कचेरीत जाऊन साहेबाच्या टेबलावर हात ठेवून उभं राहायला शिकलो. आणि बाबा गप्प झाले. मामाच्या घरी रेडिओ होता. सामना लागला की बाबा उठून बाहेर जायचे. मामा म्हणायचा, भाऊजी, बसा ना, फायनल आहे. ते म्हणायचे, ठेल्याच्या चाकाले तेल द्याचं आहे. त्या चाकाला जितकं तेल दिलं तितक्यात ठेला विमानासारखा उडायला पाहिजे होता.

एशियाडच्या वेळी नागपुरात टीव्ही नवा होता. सीताबर्डीत दुकानांच्या काचेसमोर माणसांची ही गर्दी. हॉकीची फायनल पुन्हा पाकिस्तानशी. मी बाबांना जबरदस्तीनं नेलं. मला पाहायचं होतं, ते बोलतात का. गोलावर गोल पडत होते आणि ते सगळे आपल्यावर पडत होते. बाबा टाचा उंच करून पाहत होते आणि ओठ हलत होते. आवाज नव्हता. शेजारच्या माणसानं विचारलं, किती झाले? बाबांनी बोटं दाखवली.

सात गोल खाल्ले आपण. अख्ख्या बर्डीवर अवकळा आली. आणि मी खूश होतो. लिहूनच टाकतो, देशद्रोही म्हणा पाहिजे तर. मला वडधोंडीचा पार दिसत होता आणि पारावर डोक्याला हात लावून बसलेला विनायक दिसत होता. त्याच्या नावावर या वेळी गोल करायला कोणी नव्हतं. परतताना बाबा म्हणाले, "टीव्हीले सांगणारा लागत नाही." एवढंच. त्या एका वाक्यानं माझी सगळी खुशी उतरली.

गेल्या वर्षी क्रिकेटचा कप आला, नागपूरभर फटाके. या एप्रिलात आपला माणूस अंतराळात गेला, तिथून बोलला, ते इथं खोलीत बसून ऐकू आलं. मामाच्या पोरांनी मला विचारलं, दादा, तिथं वर शिवाशिव असते का? मी म्हटलं, तिथं ओटा नाही.

आता मुद्द्यावर येतो.

मागच्या दिवाळीत गुरवबुवा इतवारीत समया घ्यायला आले होते. ठेल्याजवळ मला त्यांनीच ओळखलं. बाबा माल उतरवायला आत गेले होते, मी उभा होतो. म्हातारे झालेत. माझा हात धरून म्हणाले, "पाणी मीच टाकलं गा. चालू आहे म्हटलं होतं मी. म्हटलं होतं ना?"

मी म्हटलं, मले माहीत आहे. हे तुम्ही गावात केव्हा सांगता?

"तात्यासाहेब जिवंत होते तोवर कसा सांगू? देवळाची सेवा त्यांनीच देल्ली होती आम्हाले."

ते तं मेले. आता?

"आता विनायकराव आहे ना," असं म्हणून त्यांनी समया पोत्यात घातल्या आणि बाबा बाहेर यायच्या आत गेले. मी हे छापणार नाही असं वचन त्यांना दिलेलं नाही. त्यांनी मागितलंही नव्हतं.

आणि आता, या महिन्यात, विनायकराव स्वतः आमच्या दारी आले. सरपंच आहेत. पंचायतीला सरकारी टीव्ही संच मिळाला आहे, नवी इमारत झाली आहे, येत्या रविवारी संध्याकाळी उद्घाटन आहे. जीप गल्लीत शिरेना म्हणून चौकात ठेवून पायी आले. आमच्या खाटेवर बसले. मायनं चहा केला आणि चांगल्या कपात घालून त्यांच्यासमोर ठेवला, आणि पदर कंबरेला खोचून उभी राहिली, पितात की नाही पाहायला. प्यायले. फुंकर मारून, सगळा.

म्हणाले, दौलतराव, रविवारी तुमचा सत्कार आहे. शाल आणि हार. आणि ऑलिम्पिक लागन ना, तं हॉकी तुम्हीच सांगाची. टीव्ही इंग्रजीत बोलते, पोरायले काही समजत नाही.

बाबा म्हणाले, "मले तरी कुठी इंग्रजी येते?"

"काही बी सांगा तुम्ही. तुमचंच खरं धरू."

दौलतराव. नऊ वर्षांपूर्वी नुसते दौलत होते. पंचायतीची निवडणूक आली आहे, वस्तीत आता घरं वाढली आहेत, मतं वाढली आहेत, हे मला पेपरात वाचावं लागत नाही. मी त्यांना एकच विचारलं, रेडिओ कोणी बिघडवला? ते माझ्याकडे न पाहता मायला म्हणाले, "पोट्टा मोठा झाला वं तुमचा." मी पुन्हा विचारलं. म्हणाले, "जुनं झालं ते. आता सगळे सोबत बसतात. काहून उकरून राहिला?"

गेल्यावर माय म्हणाली, "चहा पेला त्यानं. म्हून आपलं घर परत आलं का?" आणि कप घासायला घेतला.

मला वाटलं, बाबा हाकलून देतील. मी शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण बाबा म्हणाले, मी जाणार. मी ओरडलो. बापावर ओरडलो. ज्यानं मिठी मारून आंघोळ केली त्याच्या हातून हार घेणार? ज्या तोंडानं खोटी साक्ष दिली त्या तोंडाला गोल देणार? बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले हाराचं काही नाही. मले सांगाचं आहे. नऊ वर्षं झाली, कोणाले काही सांगितलं नाही मी. गोल कोणाले द्याचा हे माह्या हाती होतं, तितलं एकच माह्या हाती होतं."

मी म्हटलं, मग अट घाला. आधी त्यानं चारचौघांत खरं बोलावं.

"मी नाही मागत. मागून घेतलं तं ते उधारीसारखं वाटते." पुढं म्हणाले, "तुले पाहिजे तं तू माग. तुले लिहिता येते. पण माहं नाव टाक, तारीख टाक. नाहीतर लोक म्हणतील, कुठची तरी कहाणी आहे."

म्हणून हे लिहिलं. रविवारच्या आत प्रत्येक घरात एकेक प्रत जाईल, खालच्या वस्तीत आणि वरच्या आळीतही. नागपुरात, भिलाईत, जिथं जिथं वडधोंडीची माणसं पोटासाठी गेली आहेत, त्यांनाही टपालानं जाईल. तुम्हीही गाव सोडलंत. कोणी नोकरीसाठी, कोणी शिक्षणासाठी. सणाला परत जाता, पोरांना बाग दाखवता, फोटो काढता. तुम्ही मला भेटता तेव्हा विचारता, येत नाहीस का कधी गावाकडे? खूप बदललं म्हणता. बदललं असेल. पण तुमच्या सुटण्यात आणि माझ्या सुटण्यात फरक आहे. तुम्ही गाव सोडलं, आम्हाला गावानं काढलं. तुम्हाला गावाची आठवण येते. मला गावाचा हिशेब येतो.

आणि तरी खोटं कशाला बोलू? इंदोऱ्यात नऊ वर्षं झाली. दाराला आमचं नाव आहे, रेशनकार्डावर इथला पत्ता आहे, गल्लीतली कुत्री माझ्यावर भुंकत नाहीत. मारायला कोणी येत नाही, पाणी कोणी अडवत नाही. घर म्हणजे एवढंच असतं तर मी केव्हाच घरी पोचलो असतो. पण बाप गप्प आहे. माझं घर तिथं आहे जिथं तो तोंड उघडेल, आणि नशीब असं की तो तोंड उघडायला तयार आहे ते त्याच जागी, जिथून त्याला काढलं. त्याला अडवायचा हक्क मला नाही. पण त्याच्या मागोमाग जाऊन समोर बसायचा आहे.

विनायकराव, तुमचं वाईट व्हावं असं मला रोज वाटतं. ते मी लपवत नाही. टीव्हीला आग लागावी, निवडणुकीत तुमची अनामत जावी, हे सगळं वाटून झालं. पण त्यानं बाबांवरचा आळ जात नाही. तो फक्त एका गोष्टीनं जातो आणि ती गोष्ट माझ्याकडे नाही. मी काटोलला होतो. ती तुमच्याकडे आहे, जे त्या दुपारी ओट्यावर होते आणि अंगणात होते. पांडू गवळी, तुम्ही होता. तुकारामशेठ, तुम्ही नारळ दिला होता. वस्तीतल्या भावांनो, तुम्ही निंबाखाली उभे होता आणि वरचं सगळं दिसत होतं. ज्यांनी "वर ये ना गा" म्हटलं, ते तुम्ही जे कोणी असाल, तुम्हीही होता.

रविवारी विनायकराव हार उचलतील. तो बाबांच्या गळ्यात पडायच्या आधी तुमच्यातल्या एकानं उभं राहायचं. भाषण करायचं नाही, रडायचं नाही, माफीही मागायची नाही. एवढंच बोलायचं की रेडिओ दौलत बागडेंनी बिघडवला नाही, चालू रेडिओवर आपण पाणी टाकलं. गुरवबुवा, सुरुवात तुम्ही करा. तुमचे पाय उभं राहू देत नसतील तर बसून बोला. तुम्ही नाही बोललात तर तुमच्या शेजारच्यानं बोलायचं. मी आणि माय पहिल्या रांगेत बसलेले असू आणि मागं वळून पाहत असू, एकेकाच्या तोंडाकडे. उठा आणि बोला.